रॅकमधली गुलाबी कुपनं

रॅक आवरायला मला कोणी सांगितलंच नव्हतं. फक्त मोजायला सांगितलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा राडा त्यातूनच झाला.

आमच्या भागात एका संस्थेची चार वाचनालयं आहेत. मोठं उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये, दोन बदलापूरला, आणि एक अंबरनाथला, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रिक्षा स्टँडच्या मागे एका खोलीत. संस्थेने ठरवलं की चारही जागांची पाहणी करायची. माणसं किती आहेत, जागा किती आहे, वाचकांना मिळतं काय. जी शाखा सगळ्यात कमी चालते ती बंद करायची आणि तिची पुस्तकं चिखलोलीला नव्या बिल्डिंगांजवळ घेतलेल्या हॉलमध्ये हलवायची. मी तेव्हा ग्रंथालयशास्त्राचा कोर्स संपवून घरी बसलेली, टायपिंग फास्ट, सांगाल तिथे जायला तयार. मला हे पाहणीचं तीन महिन्यांचं काम मिळालं. फॉर्म भरायचे, फोटो काढायचे, ते संस्थेच्या ग्रुपवर टाकायचे, शेवटी रिपोर्ट द्यायचा.

पहिल्या तीन शाखा मी दहा दिवसांत उरकल्या. बदलापूरच्या एका शाखेत तर बसायला जागा नव्हती. सगळी भरतीची तयारी करणारी मुलं, स्वतःचं गाईड घेऊन येतात, संध्याकाळपर्यंत बसतात, वाचनालयाच्या एका पुस्तकाला हात लावत नाहीत. पण दारातल्या वहीत सही करतात. माझ्या फॉर्मला तेवढंच पाहिजे होतं. दारातून किती डोकी आत आली, एवढंच तो विचारायचा.

अंबरनाथची खोली मी शेवटी ठेवली होती. सहा रॅक, बारा खुर्च्या, एक पंखा आणि एक काकू. स्टाफच्या कॉलममध्ये मी 'एक' लिहिलं. काकू तिथे एकोणीस वर्षं आहेत. उघडणं, झाडणं, पुस्तकं देणं, चिकटवणं, सगळं त्याच. आणि दारातल्या वहीत रोज त्याच चार सह्या, पेपर वाचायला येणाऱ्या चार रिटायर्ड आजोबांच्या. पान उलटलं की परत तेच चार.

कुठली शाखा बंद होणार हे सगळ्यांना दिसत होतं. काकूंनाही. शाखा गेली की काकूंचं काम गेलं, कारण चिखलोलीला डिग्रीवाला माणूस ठेवायचा असं संस्थेत चाललं होतं. चहा देताना त्या म्हणाल्या, या वयात आता दुसरं काय करणार, लोक म्हणतात पापड लाट, पण मला पापडसुद्धा गोल येत नाहीत. मी हसले. डिग्रीवाला माणूस म्हणजे कोण असू शकतो, हे मी मनातल्या मनातसुद्धा पूर्ण बोलत नव्हते. पण सचिवांनी मला एकदा विचारलं होतं की चिखलोली तुला घरापासून लांब पडेल का. मी पटकन नाही म्हणाले होते.

मंगळवारी दुपारी काकूंना डोळे तपासायला जायचं होतं. किल्ली माझ्याकडे दिली, माप घेऊन झालं की कुलूप लाव म्हणाल्या आणि गेल्या.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, रॅकची एकूण लांबी किती आणि त्यातली भरलेली किती. आता भरलेली मोजायची कशी? पुस्तकं तिरकी पडलेली, मध्येमध्ये फटी, आणि प्रत्येक फटीत एक छोटा कागद खोचलेला. गुलाबी, पिवळा, हिरवा. जुनी तिकिटं असतील, खुणेचे कागद असतील, असलं काहीतरी वाटलं मला. मी पहिल्या चार रॅकचे आधीचे फोटो काढले आणि कामाला लागले. सगळे कागद काढले. पुस्तकं डावीकडे सरकवून ताठ उभी केली. धूळ पुसली. मग टेप लावला. इतकं भारी दिसत होतं ना. कागदांची पिशवी भरली ती बाहेरच्या डब्यात टाकली, सहाही रॅकचे नंतरचे फोटो काढले आणि सगळे एकदम ग्रुपवर सोडले. खाली लिहिलं, 'अंबरनाथ शाखा, आधी आणि नंतर.' पुढे तीन टाळ्या.

मी रिक्षात बसेपर्यंत सचिवांचा मेसेज आला.

सचिव म्हणजे कॅम्प एकमधले कापडाचे व्यापारी, सिंधी, वय झालेलं, सगळे त्यांना शेठजी म्हणतात. मराठी छान कळतं, बोलताना हिंदीवर जातात. पुस्तकं वाचताना मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण हिशोबाला एकदम पक्के. त्यांनी लिहिलं होतं की नोंदवहीप्रमाणे या शाखेत पुस्तकं जास्त आहेत, फोटोत रॅक अर्धे रिकामे दिसतात. खाली एक ओळ. 'बाकी किताबें कहां हैं?' मी काही टाइप करेपर्यंत दुसरा मेसेज. शुक्रवारी सकाळी मी स्वतः येतो, पूर्ण मोजणी होईल.

मी टाळ्या डिलीट केल्या. काय उपयोग, सगळ्यांचं बघून झालं होतं.

घरी पप्पा टीव्हीसमोर बसले होते. पप्पा एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत तीस वर्षं होते, मागच्या वर्षी रिटायर झाले. मी त्यांना आधीचा फोटो दाखवला, बघा कसला पसारा होता, मी सगळे कागद काढून टाकले, आणि मलाच वर ऐकावं लागतंय. त्यांनी चष्मा वर केला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि एका गुलाबी कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हे आमच्या कॅन्टीनचं कुपन आहे. हे तू कुठे टाकलंस?"

मी विचारलं, का.

मग पप्पांनी सांगितलं. कंपन्यांच्या शिफ्ट सात, तीन आणि अकराला बदलतात. वाचनालय उघडतं नऊला, दुपारी बंद, मग पाच ते आठ. तीनला सुटलेला माणूस पाचपर्यंत थांबत नाही, गाडी पकडून घरी जातो. मग शिफ्टचा माणूस तिथे पोचणार कधी? म्हणून काकू कापडी पिशवीत पुस्तकं भरून स्टँडवरच्या एका रिक्षावाल्या दादांकडे देतात. दादा ती मागच्या सीटखाली ठेवतात आणि शिफ्टच्या लोकांना सोडायला जातात तेव्हा गेटवर देतात. पुस्तक घेणारा कॅन्टीनचं कुपन देतो. त्यावर त्याचा टोकन नंबर, म्हणजे कंपनीतला हजेरीचा नंबर, छापलेला असतो, आणि रंगावरून कंपनी कळते. काकू ते कुपन रॅकमध्ये त्या पुस्तकाच्या जागी खोचतात. पुस्तक परत आलं की कुपन परत. वहीत काहीच नाही, कारण संस्थेचा नियम आहे की सभासदाने समोर सही केल्याशिवाय पुस्तक द्यायचं नाही. सभासद सगळे आहेत. सही करायला कोणी येऊ शकत नाही.

आमच्या घरात लहानपणापासून पुस्तकं यायची. पप्पा म्हणायचे, रिक्षातून आली. मला वाटायचं कोणाकडून तरी मागून आणतात. आणि ते गुलाबी कुपन मी शंभर वेळा पाहिलंय, मम्मी शर्ट धुवायच्या आधी खिशातून काढून टीव्हीवर ठेवायची. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं तर ठीक होतं. मला कळायला हवं होतं.

मी काकूंना फोन केला. डोळ्यात औषध घातलं होतं म्हणून त्यांच्या मुलीने उचलला. मी काहीच न सांगता ठेवला.

बुधवारी सकाळी साडेसातला मी खोलीसमोर होते. डबा रिकामा. समोरचा चहावाला म्हणाला, घंटागाडी आत्ताच गेली. मी कोपऱ्यापर्यंत पळाले. गाडी दिसली नाही.

काकू आल्या, आत गेल्या, रॅक बघितले. मी सगळं एका दमात सांगितलं, फोटो, ग्रुप, शेठजी, शुक्रवार. त्या ओरडल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि पदराने डोळा पुसला, औषधामुळे पाणी येत होतं की कशामुळे, मला कळलं नाही. मग विचारलं, "मुद्दाम केलंस का? चिखलोलीसाठी?"

मी नाही म्हणाले. पण मला स्वतःलाच ते 'नाही' बारीक ऐकू आलं. आपण खरं बोलत असूनही समोरच्याला ते खरं वाटायचं काही कारण नाही, हे मला पहिल्यांदा इतकं कळलं. काकूंनी हात पुढे केला. म्हणाल्या, फोटो दाखव.

आधीच्या फोटोंत चार रॅक होते. आम्ही ते मोठे करून बघायला लागलो. काही कुपनांचे नंबर दिसत होते, काहींचे अर्धेच, काहींचा नुसता रंग. पण काकूंना फटीच्या दोन बाजूंची पुस्तकं दिसली की मधलं कुठलं ते आठवायचं. इथे भुतांच्या गोष्टींचं जाडं होतं, ते गुलाबीकडे गेलंय. इथे वायरमनचं गाईड, हिरवा, नवा मुलगा आहे, परीक्षा देतोय. इथे बाळंतपणाचं, पिवळा, त्याची बायको आठव्या महिन्यात आहे. मी टाइप करत होते, आयुष्यात पहिल्यांदा माझी बोटं कोणाच्या तरी बोलण्याच्या मागे पडत होती. दुपारपर्यंत साठ पुस्तकांचा पत्ता लागला. उरलेल्या दोन रॅकचे आधीचे फोटोच नव्हते. नोंदवहीशी ताडून बघितलं तर अजून एकोणतीस पुस्तकं बाहेर होती आणि ती कोणाकडे, हे काकूंनाही धड सांगता येईना. आणि जी साठ कळली होती ती पण अजून बाहेरच होती. शेठजींना रॅकवर पुस्तक हवं होतं, माझ्या मोबाईलमधली यादी नव्हे.

त्यात शुक्रवार. शुक्रवारी एमआयडीसी बंद असते. त्या दिवशी शिफ्ट नाही, गेटवर माणूस नाही, दादांची रिक्षा स्टेशनच्या बाजूला लागते. म्हणजे जे काय करायचं ते गुरुवार रात्रीच्या आत.

बुधवारी तीनच्या शिफ्टला मी दादांच्या बाजूला पुढच्या सीटवर बसून गेले. दादा इथल्याच गावातले, शेती गेली आणि रिक्षा आली असं स्वतःच सांगतात. त्यांना मी सगळं खरं सांगितलं. ते हँडलकडे बघत म्हणाले, "बाय, तुला कागुद दिसला त इचारायचा व्हता नं कुनाला." मग रिक्षा पहिल्या गेटकडे वळवली.

गेटवर लोक बाहेर येतात ते थांबत नाहीत. डबा, पिशवी, घाम, सगळे घरी पळत असतात. मी मोबाईल हातात धरून ओरडत होते, वाचनालयाचं पुस्तक कोणाकडे आहे? लोक मला काहीतरी विकायला आलेली समजून बाजूने जात होते. दोन गेट असेच गेले. तिसऱ्या गेटवर दादा खाली उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले की शुक्रवारी मोजनी हाय, पुस्तक नाय दिसलं त काकूंचं काम जातंय. तेव्हा पहिला माणूस थांबला. मग त्याच्या मागचा. कोणी म्हणालं पुस्तक घरी आहे, बदलापूरला. कोणी म्हणालं उल्हासनगरला मेहुण्याकडे, त्याने अर्धं वाचलंय. एकाने लाजत सांगितलं की त्याच्या आईला वाचून दाखवतोय, आणि दोन प्रकरणं राहिलीत, ती वाचून मग आणू का. मी प्रत्येकाचं नाव, नंबर, पुस्तक टाइप केलं आणि एकच वाक्य परत परत म्हटलं. शुक्रवारी सकाळी खोलीवर या.

बुधवारी तीन, गुरुवारी सात आणि परत तीन. दादांनी माझ्याकडून भाडं घेतलं नाही, पण गप्पाही मारल्या नाहीत. गुरुवारी संध्याकाळी काकूंनी यादी वाचली. बारा पुस्तकांचा अजून काहीच पत्ता नव्हता. बाकीचे येतील का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, सुट्टीच्या दिवशी माणूस झोपतो. बोलून त्यांनी खुर्च्या पुसायला घेतल्या. बाराच्या बारा पुसल्या.

शुक्रवारी नऊ वाजता फक्त चार आजोबा होते. दहाला शेठजी आले, हातात मूळ नोंदवहीची झेरॉक्स आणि लाल पेन. चहा नको म्हणाले. पहिल्या रॅकपासून सुरू केलं. मी नंबर वाचायचे, ते खूण करायचे. नसलेल्या पुस्तकापुढे छोटा गोल. पहिलं पान संपलं तेव्हा गोल इतके झाले होते की मला पेनकडे बघवेना. काकू दाराजवळ उभ्या होत्या आणि रस्त्याकडे बघत होत्या.

पावणेअकराला एक स्कूटर थांबली. एक माणूस, पुढे मुलगी उभी, तिच्या हातात पुस्तक. त्याने ते काकूंच्या हातात दिलं आणि विचारलं, तुम्हीच काकू का? मला वाटलं अजून म्हाताऱ्या असाल. काकूंनी पुस्तक उलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "तू चारशे बारा. पिवळा. शिकारीच्या गोष्टी सोडून दुसरं काही घेत नाहीस."

तो इतका खूश झाला. सहा वर्षं वाचत होता आणि खोलीत पहिल्यांदा पाय टाकत होता.

मग येत गेले. रिक्षाने, बाईकवर, दोघं तिघं एकदम. दादांनी स्टेशनकडचा धंदा सोडून तीन फेऱ्या मारल्या. शेठजी मोजणी थांबवत नव्हते. पुस्तक टेबलावर आलं की त्या गोलावर रेघ. बारा खुर्च्या भरल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले, आजोबांना पेपर उघडायला जागा उरली नाही आणि ते कुरकुरायला लागले. कोणीतरी दारातल्या वहीत सही केली, त्याचं बघून सगळ्यांनी केली. माझ्या आत काहीतरी उड्या मारत होतं, पण कागदावरचे उरलेले गोल बघितले की परत बसत होतं.

दोनला शेठजींनी पेनचं टोपण लावलं. अकरा पुस्तकं नाहीत. त्यातल्या चौघांनी फोनवर सांगितलं होतं, गावाला आहोत, सोमवारी आणतो. सात पुस्तकांचा काहीच पत्ता नव्हता.

लोक गेले होते. खोलीत आम्ही तिघंच. लोकांच्या तोंडून कुपनांचं सगळं ऐकलेल्या शेठजींनी विचारलं, ये चिठ्ठी का तरीका किसका है. काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझा. नियमात बसत नाही हे माहीत होतं का? होतं. आणि चिठ्ठ्या आता कुठे आहेत?

काकू म्हणाल्या, "हरवल्या. माझ्याकडून."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी गप्प राहिले असते तर तिथेच संपलं असतं. सात पुस्तकं काकूंच्या नावावर, काकू बाहेर, आणि चिखलोली मला लांब नव्हतीच. मला वाटतं मी दोन सेकंद गप्प होते. ते दोन सेकंद मला अजून आवडत नाहीत.

मी म्हणाले, "मी काढल्या. कचरा समजून डब्यात टाकल्या. यांना माहीतही नव्हतं."

शेठजींनी झेरॉक्स बाजूला ठेवली. मग हळू आवाजात सांगायला लागले की त्यांच्या बाजारात शेजारच्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला दाखवायला कापडाचा ताका नेला की त्याच्या जागी चिठ्ठी राहते. ते दुकानात नवीन असताना वडिलांनी पहिली गोष्ट हीच शिकवली. "बेटा, चिठ्ठी को हाथ लगाने से पहले पूछते हैं, किसकी है." एवढंच. मग काकूंकडे वळून म्हणाले की चिठ्ठी चालू ठेवा, पण रोज संध्याकाळी वहीत उतरवा, सहीचं मी कमिटीत बघतो. आणि मला म्हणाले, रिपोर्टमध्ये जे आहे ते लिही, तुझं पण.

रिपोर्ट लिहायला मला चार दिवस लागले. एरवी मी दोन तासांत उरकला असता. फॉर्ममध्ये रकानाच नव्हता, म्हणून मी हाताने एक काढला. वाचनालयात न येता वाचणारे. त्यात शिफ्टच्या वेळा लिहिल्या, पिशवी लिहिली, दादा लिहिले. बदलापूरच्या गाईडवाल्या मुलांबद्दलही लिहिलं, की त्यांना बसायला जागा पाहिजे आणि पुस्तकं नको आहेत, ही वेगळी गरज आहे. शेवटच्या पानावर माझी चूक लिहिली. ते वाक्य मी सतरा वेळा खोडलं असेल. कधी त्यात 'अनवधानाने' यायचं, कधी 'काही कारणास्तव'. शेवटी 'मी न विचारता काढल्या' एवढंच ठेवलं.

शाखा बंद झाली नाही. काकू आहेत. चिखलोलीच्या हॉलचं अजून चाललंय, आणि तिथे ठेवायच्या माणसांत माझं नाव नाही, हे शेठजींनी मला फोन करून स्पष्ट सांगितलं. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू.

तीन महिने संपल्यावरही मी शनिवारी तिथे जाते. सातातली पाच पुस्तकं मी शोधली. एक कल्याणला सापडलं, एक गेटच्या वॉचमनच्या टेबलाखाली, त्याचा एक पाय वर करायला वापरलेलं. दोन अजून नाहीत. त्या दोन फटींत मी कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या खोचल्या आहेत, त्यावर माझं नाव. पहिल्या शनिवारी काकूंनी त्या बघितल्या. मला वाटलं काही बोलतील. त्यांनी त्या काढल्या, पट्टीने सरळ कापून कुपनाच्या मापाच्या केल्या आणि परत जागेवर ठेवल्या. मग मला फडकं दिलं आणि म्हणाल्या, खुर्च्या पूस, रॅकला हात लावू नको.